मॅडम, इकडे का तिकडे?

फेब्रुवारी सरत आला की सेमिनरी हिल्सवरची पानगळ वाढते, शहराबाहेर एखाददुसरा पळस पेटू लागतो आणि नागपूरकर कोपऱ्यातल्या कूलरकडे पाहून ‘अजून महिनाभर निघेल’ अशी स्वतःची समजूत घालतो. शाळांत परीक्षांची घाई असते. त्या घाईत २२ फेब्रुवारी येतो आणि जातो. शहरातल्या सदर भागातल्या एखाद्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने ‘जागतिक चिंतन दिन’ अशी अक्षरे उमटतात. गणवेशातली एक गाईड प्रार्थनेनंतर पाठ केलेल्या दहा ओळी म्हणते, टाळ्या होतात, पहिल्या तासाची घंटा होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा सुविचार येतो.

यंदा मात्र हा दिवस इतक्या स्वस्तात जाऊ देऊ नये. तो पाळायचे ठरले त्याला शंभर वर्षे होत आहेत. १९२६ साली न्यूयॉर्कजवळच्या एडिथ मेसी शिबिरस्थळी गर्ल गाईड आणि गर्ल स्काऊट संघटनांची चौथी जागतिक परिषद भरली होती. वर्षातून एक दिवस जगभरातल्या गाईडनी एकमेकींची आठवण करावी, असे तिथे ठरले. तारीख शोधावी लागली नाही. चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांचा २२ फेब्रुवारी १८८९ चा. शंभरी भरलेल्या माणसाचा आपण सत्कार करतो, शाल देतो आणि घरी सोडून येतो. शंभरीच्या दिवसाला तरी काही प्रश्न विचारावेत. मुलींना धीट करायचे म्हणून आपण नेमके काय करतो? आणि जे करतो त्यातून त्या खरेच धीट होतात का?

या चळवळीचे मूळ फार कमी जणांच्या ध्यानात असते. बेडन-पॉवेल यांचे मुलग्यांसाठीचे पुस्तक १९०८ मध्ये भागाभागांनी निघाले आणि मुलींनीही ते वाचले. नावाची नुसती आद्याक्षरे लिहून कित्येकींनी स्काऊट म्हणून नोंदणीही केली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात स्काऊटांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली डोक्यावर स्काऊटची टोपी आणि हातात काठी घेऊन, कोणी बोलावले नसताना तिथे जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही कोण, असे विचारल्यावर ‘आम्हीही स्काऊट’ असे त्यांनी बजावले. पुढच्या वर्षी, १९१० मध्ये मुलींसाठी वेगळी संघटना निघाली आणि तिची धुरा बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, ॲग्नेस यांनी घेतली. म्हणजे मुली आधी आल्या, संघटना मागाहून आली. आज आपण याच्या उलट वागतो. आधी कार्यक्रम ठरवतो, मग त्यासाठी मुली गोळा करतो.

‘गाईड’ हे नावही आपल्याकडचेच. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर ‘कोअर ऑफ गाइड्स’ नावाची फौजेची एक तुकडी होती. तिच्यावरून हे नाव मुलींच्या संघटनेला मिळाले. भारतातले पहिले गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला सुरू झाले. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे देशातल्या गाईडिंगचा पाळणा आपल्याच जुन्या घराच्या एका खोलीत हलला. त्या पाळण्याजवळ आपल्या मुलींना मात्र मज्जाव होता. सुरुवातीची पथके गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींची. भारतीय मुलींसाठी दार १९१६ मध्ये उघडले.

सदरला हा इतिहास परका वाटू नये. रेसिडेन्सीच्या आसऱ्याने वाढलेला हा बाजार. रेसिडेंट साहेब गेला, रेसिडेन्सी रोड हे नाव राहिले. बिशप कॉटन, एसएफएस, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, अंजुमन अशा शाळा इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. इंग्रजी, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणारी मुले एकाच हातगाडीवर पाणीपुरी खातात. छावणी भागातल्या मुलीचे एक वाक्य मराठीत सुरू होते आणि हिंदीत संपते, आणि त्यात तिला किंवा ऐकणाऱ्याला काही वावगे वाटत नाही. इतक्या तऱ्हेच्या घरांतल्या मुली एका पथकात बसू शकतील, अशी जागा नागपुरातही फार नाही.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईडची संघटना तिच्यात विलीन झाली. १९६६ मध्ये पुण्याला ‘संगम’ हे जागतिक केंद्र उभे राहिले. स्वित्झर्लंड आणि मेक्सिकोतल्या केंद्रांच्या पंगतीत बसणारे आशियातले हे केंद्र. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आणि आपल्या नागपूरकरांच्या जुन्या उन्हाळी राजधानीत, पचमढीला, संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आणि साहस संस्था आहे. एवढा संसार आपल्या आसपास मांडलेला असताना सदरमधल्या मुलीच्या वाट्याला त्यातले काय येते, हे पाहायला हवे.

त्यासाठी गाईडची मूळ पद्धत समजून घेतली पाहिजे. पथकात जास्तीत जास्त बत्तीस मुली. त्यांचे सहा-सहा, आठ-आठ जणींचे संघ. प्रत्येक संघाची एक संघनायिका, वय बारा-तेरा. संघनायिकांची सभा पुढच्या महिन्यात कुठे जायचे, काय शिकायचे, कोणाचे कुठे चुकले, हे ठरवते. गाईड कॅप्टन, म्हणजे शाळेतल्याच एखाद्या बाई, त्या सभेत असतात, पण सभा त्यांची नसते. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट करायला फार अवघड आहे. आपल्या घरात, शाळेत, समाजात तेरा वर्षांच्या मुलीने ठरवायचे आणि मोठ्यांनी गप्प बसायचे, असा प्रसंग येतो कधी?

डोळ्यांपुढे आणा. रविवार सकाळ. सात मुलींचा संघ रामटेकच्या पहिल्या बसने उतरला आहे. पाठीवर दप्तरेच, पण आतून वह्या काढून पाण्याच्या बाटल्या, दोरी, प्रथमोपचाराची डबी आणि डब्यातल्या पोळ्या भरलेल्या. अंबाळा तलावाकडे आडवाटेने जायचे आहे. संघनायिकेच्या हातात वहीच्या पानावर काढलेला नकाशा, गळ्यात शिट्टी. एका पांदणीशी वाट फुटते. नकाशात हा फाटा नाही. सगळ्या थांबतात आणि मागे वळून एका सुरात विचारतात, “मॅडम, इकडे का तिकडे?”

मॅडमना वाट ठाऊक आहे, त्या आठवड्यापूर्वी येऊन पाहून गेल्या आहेत. बोट दाखवायला अर्धा सेकंद पुरेल. पण त्या विचारतात, “नकाशा कोणाकडे आहे?” आणि बाजूच्या दगडावर बसून बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागतात.

मग जे होते ते पाहण्यासारखे असते. आधी सगळ्या एकदम बोलतात. एकीला डावीकडेच जायचे आहे, कारण तिकडे सावली आहे. दुसरी म्हणते, “बापा, गड तिकडे दिसतो ना, मग तलाव इकडे कसा?” संघनायिका नकाशा उलटा धरून पाहते, मग सुलटा. एक मुलगी सुरुवातीपासून गप्प आहे. वर्गातही ती शेवटच्या बाकावर बसते. ती हळूच म्हणते की सकाळी निघताना ऊन पाठीवर होते, आता या वाटेने गेलो तर तोंडावर येईल. कोणी ऐकत नाही. बहुमताने डावी वाट ठरते. पंधरा मिनिटांनी ती वाट एका संत्र्याच्या बागेच्या तारेच्या कुंपणाशी संपते. पुढे जागा नाही. सगळ्या त्या गप्प मुलीकडे पाहतात.

मॅडम अजूनही काही बोलत नाहीत. परतीची वाट लांब वाटते, कोणी तरी कुरकुरते, कोणाला शिंगाड्यासारखा टोचरा काटा लागतो, डबी उघडावी लागते. फाट्यावर आल्यावर यावेळी संघनायिका त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला पुढे घालते. तलाव दिसतो तेव्हा साडेदहाच्या जागी साडेअकरा वाजलेले असतात. संध्याकाळी घरी आई विचारते, “सापडला का रस्ता?” मुलगी चप्पल काढता काढता सांगते, “चुकला. मग सापडला.” त्या दोन वाक्यांत जे आहे ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याही व्याख्यानात नाही.

या गोष्टीतला सगळ्यात अवघड अभ्यास मुलींचा नाही, मॅडमचा आहे. वाट माहीत असून न सांगणे हे वर्षानुवर्षे ‘बरोबर उत्तर’ सांगत आलेल्या माणसाला जड जाते. त्यातही त्यांनी बेफिकिरी केलेली नाही. वाट आधी पाहिली आहे, गावातल्या एका घराला कळवून ठेवले आहे, पालकांची संमतीपत्रे पिशवीत आहेत, पाण्याचा साठा मोजला आहे. धोका त्यांनी आधीच काढून टाकला आणि जोखीम मुलींसाठी ठेवली. आपल्या बोलीत हे दोन शब्द एकाच अर्थाने फिरतात, पण विहिरीला कठडा नसणे हा धोका आणि वाट चुकण्याची शक्यता ही जोखीम. मुलींना धोक्यापासून वाचवायचे आणि जोखमीला सामोरे जाऊ द्यायचे. आपण बहुतेक वेळा उलट करतो. शाळेजवळच्या उघड्या गटारावर झाकण टाकायला आपल्याला वेळ नसतो आणि मुलीला रामटेकला पाठवायचे म्हटले की छातीत धडकी भरते.

गाठींचेही असेच आहे. गाईडला सुरुवातीलाच ज्या गाठी शिकवतात, त्यातली रीफ नॉट सगळ्यात सोपी. डावे टोक उजव्यावर, मग उजवे डाव्यावर. पट्टी बांधायला हीच वापरतात, कारण ती सपाट बसते आणि जखमेवर टोचत नाही. दुसऱ्या वेळीही डावेच टोक वर घेतले तर गाठ दिसायला तशीच दिसते, पण ओढली की सरकते. बोलाइनचा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून माणसाला वर ओढायचे तर ती बांधतात. दोरीला मार्क देता येत नाहीत आणि दोरी कोणाची मर्जीही राखत नाही. गाठ बसली तर बसली, नाही तर सुटली. ‘तू हुशार आहेस’ हे मुलीला दहा जणांनी सांगून जे पटत नाही, ते तिने बांधलेल्या गाठीवर तंबू रात्रभर उभा राहिला की पटते.

तंबूवरून आणखी एक गोष्ट निघते. मुलामुलींचे एकत्र शिबिर असले की कामे आपोआप वाटली जातात. मुलगे खुंट्या ठोकतात, दोऱ्या ताणतात, लाकडे आणतात. मुली कांदा चिरतात. कोणी तसा हुकूम सोडलेला नसतो, पिढ्यानपिढ्यांची सवय हुकमावाचून चालते. मुलींच्या पथकात हातोडा द्यायला कोणी मुलगाच नसतो. त्यामुळे खुंटीही तिलाच ठोकावी लागते, बादलीही तिलाच आणावी लागते, आणि आपल्या विदर्भातल्या सहलींचे ठरलेले जेवण, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, तेही तिलाच उलटावे लागतात. निम्मे कच्चे राहतात, निम्मे करपतात, वांग्याच्या भाजीत ते खपून जातात. आता जगभर मुलामुलींची पथके एकत्र असावीत की वेगळी, यावर वाद आहे. एकत्र वाढण्याचे फायदे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण दहा ते सोळा या वयात मुलीला काही तास तरी असे मिळावेत, जिथे अवघड काम दुसऱ्याकडे सरकवायची सोयच नाही. मुलींसाठी वेगळे पथक का, याचे उत्तर त्या हातोड्यात आहे.

ही झाली पद्धत. आता आरसा पाहू. आपल्या शहरात गाईड दिसतात कुठे? समारंभात. पाहुण्यांची गाडी थांबते त्या जागेपासून व्यासपीठापर्यंत दोन्ही बाजूंना गणवेशातल्या मुली उभ्या असतात, हातात पुष्पगुच्छ, चेहऱ्यावर ऊन. पाहुणे तासभर उशिरा येतात. मुली उभ्याच. जी चळवळ बोलावणे नसताना आलेल्या मुलींनी सुरू केली, तिच्या मुलींना आपण बोलावून आणून स्वागतकमानीचे खांब केले. गणवेशाचा असा उपयोग एकदा बंद झाला तरी या शंभरीचे सार्थक होईल.

दुसरा आजार फायलीचा. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, अशी ही सुंदर चढण आहे. पायरीपायरीने कौशल्य वाढावे अशी तिची रचना. पण दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब मनात धरून तिच्याकडे पाहिले की पायऱ्यांपेक्षा दाखला मोठा होतो. नोंदवहीत गाठींची चित्रे सुबक असतात, दोरी मात्र कपाटात असते. यात शिक्षिकांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहित्या, पेपर तपासणे यांतून उरलेल्या वेळात गाईडचा तास बसवायचा. तो वेळ वेळापत्रकात खरा दिला नाही तर तो फायलीतच जाणार.

तिसरा आजार आपल्या कौतुकाचा. ‘खरी कमाई’ हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी घराला माहीत आहे. स्वतः काम करून चार पैसे मिळवायचे आणि ते चांगल्या कामाला द्यायचे, ही त्यामागची कल्पना. जागतिक चिंतन दिनाशी तिचे नातेही आहे. १९३२ साली पोलंडमधल्या परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचवले की वाढदिवसाला नुसत्या शुभेच्छा देत नाहीत, भेटही देतात, तेव्हा प्रत्येक गाईडने एक पेनी बाजूला काढावी. ओलेव्ह बेडन-पॉवेल यांनी जगभरच्या मुलींना पत्र लिहून ती मागितली. आपल्याकडे त्या दिवशी काय होते? आई पहाटे चारला उठून सांबारवड्या तळते, बाबा गाडीतून टेबल पोहोचवतात, मुलगी टेबलामागे बसते आणि दुसऱ्या मुलीची आई त्या वड्या विकत घेते. कमाई खरी असते, पण आईची. त्याऐवजी चार मुलींना तीनशे रुपये आणि एक पिशवी देऊन मंगळवारी बाजारात सोडून पाहा. सांबाराची जुडी केवढ्याला, घासाघीस कुठवर करायची, बेसन कमी पडले तर काय, न खपलेल्या वड्यांचे काय, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. तोटा झाला तर तोट्यासह नोंद करू द्या. पन्नास रुपयांच्या तोट्यात जे शिकायला मिळते ते स्वस्तच पडते.

यावर कोणी म्हणेल, नागपूरच्या मुलींना धीटपणा शिकवायची गरज आहे कुठे? खरेच आहे. बॉक्सर अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. मालविका बनसोडने बॅडमिंटनच्या आंतरराष्ट्रीय कोर्टवर शहराचे नाव नेले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या त्या मुलीसाठी सारे शहर जागे होते. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, त्यात मनीषा धुर्वे होती. आणि वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी नागपूरच्या गिर्यारोहक बिमला नेगी-देऊसकर आहेत. २०२२ मध्ये बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली पन्नाशी ओलांडलेल्या महिलांनी अरुणाचलातल्या पांगसाऊ खिंडीपासून लडाखपर्यंत सुमारे पाच महिने पायपीट केली, त्या मोहिमेत त्या होत्या.

या साऱ्याजणींचा अभिमान आहेच. पण त्यांचे फलक चौकात लावताना एक गफलत होते. शिखरावरची एक मुलगी पाहून पायथ्याच्या हजार जणींचे काम झाले, असे आपल्याला वाटू लागते. अव्वल खेळाडूमागे प्रशिक्षक असतो, घर पणाला लागलेले असते, अंगभूत गुण असतो. गाईडचे पथक त्या मुलीसाठी आहे जिच्यात असे काही ठळक दिसलेले नाही. जी शाळेच्या कुठल्याच संघात नाही, स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत नाचते, वर्गात उत्तर येत असून हात वर करत नाही. तिला पदक नको आहे. तिला फाट्यावर तिचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या सहा जणी हव्या आहेत.

अलीकडे साहसही विकत मिळते. उन्हाळ्याच्या सुट्टीतली शिबिरे, दोरीवरून सरकणे, कृत्रिम भिंत चढणे, रात्री डीजेसह शेकोटी. ज्यांना परवडते ती मुले जातात, मजा करतात, यात वाईट काही नाही. पण बारकाईने पाहिले तर तिथे मुलीने ठरवायचे असे काही नसते. पट्टा दुसरा बांधतो, दोरी दुसरा धरतो, ‘जंप’ दुसरा म्हणतो आणि फोटो तिसरा काढतो. सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानातली ‘वनबाला’ आगगाडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नागपूरकर पोरांना आठवते. झाडांतून मस्त फिरवून ती पुन्हा त्याच फलाटावर आणून सोडायची. ही शिबिरे म्हणजे महागडी वनबाला. गाईडच्या पथकाला दोरी, शिट्टी, बसचे तिकीट आणि वेळ देणारी एक बाई एवढे पुरते, म्हणूनच ते महापालिकेच्या शाळेतल्या मुलीच्याही आवाक्यात असते, किंवा असायला हवे.

अडते कुठे, तर घरी. ‘पोट्टीले रात्रीची बाहेर काऊन पाठवून राहिली?’ हा प्रश्न शेजारीण विचारते, पण उत्तर आईच्या पोटात आधीपासून असते. ‘सातच्या आत घरात’ हा आपल्या मध्यमवर्गाचा न लिहिलेला कायदा. ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. बातम्या आपण सारेच वाचतो. पण त्या कायद्याचा हिशेब कधी मांडला आहे का? सातच्या आत घरी येणारी मुलगी अठराव्या वर्षी पुण्याला किंवा बंगळुरूला शिकायला जाते, तेव्हा रात्री अकराला स्टेशनवर उतरून रिक्षा ठरवण्याची तिची ती पहिलीच वेळ असते. पोहणे शिकवायचे नाही आणि एक दिवस एकदम नदीत सोडायचे, असा हा प्रकार. बारा वर्षांच्या मुलीने ओळखीच्या बाई आणि मैत्रिणींसोबत शाळेच्या मैदानावर तंबूत काढलेली एक रात्र ही त्या नदीची उथळ कड आहे. पाय टेकतात, काठ दिसतो, आणि पाणी खरे असते.

तेव्हा शंभराव्या वर्षाची भेट काय द्यावी? फार मोठे काही मागत नाही. सदरमधल्या ज्या शाळांना मैदाने आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार आपले फाटक पथकांसाठी उघडावे, शेजारच्या शाळेतल्या, मैदान नसलेल्या पथकासाठीही. गाईड कॅप्टनला आठवड्यातले दोन तास वेळापत्रकात द्यावेत. सतराव्या वर्षी पथकातून बाहेर पडणाऱ्या मुलींनी रेंजर, म्हणजे थोरल्या गाईड, होऊन धाकट्यांकडे परत यावे, कारण तेरा वर्षांच्या मुलीला चाळिशीतल्या बाईंपेक्षा एकोणीस वर्षांच्या ताईचे जास्त पटते. पालकांनी वर्षात एक रात्र द्यावी. आणि सगळ्यांनी मिळून फाट्यावर अर्धा मिनिट गप्प बसण्याचा सराव करावा.

पहिल्या मोहिमेसाठी रामटेकलाही जायला नको. परिसराचा नकाशा काढणे हा गाईडच्या शिक्षणाचा जुना भाग आहे. तेव्हा सदरचाच नकाशा काढू द्या. छावणीपासून एलआयसी चौकापर्यंत, माउंट रोड ते मंगळवारी बाजार, चार संघ चार बाजूंना. कागदावर शाळा, दवाखाना, पोलीस ठाणे येईलच. पण बारा वर्षांच्या मुली काढतील तो नकाशा महापालिकेच्या नकाशासारखा असणार नाही. कुठला दिवा लागत नाही, कुठल्या पानठेल्यासमोरून जाताना त्या पलीकडची बाजू धरतात, उड्डाणपुलाखालून कोणत्या वेळी जायचे नाही, मुलींना जाता येईल असे स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, कुठल्या दुकानातल्या आजींकडे पाणी मागता येते, हे सारे त्यात येईल. आपण त्यांना सातच्या आत घरी का बोलावतो, याची कारणे आपल्याच हद्दीत, ठिकाणांसकट लिहून मिळतील.

तो नकाशा पथकाने नगरसेवकांच्या आणि झोन कार्यालयाच्या टेबलावर नेऊन ठेवावा. पुष्पगुच्छ न घेता. आणि मग त्यांनी नाही, आपण विचारायचे, “बेटा, सांग, इकडे का तिकडे?”